वाटीमहाराज आणि शिवरामचा डावा पाय

वाशीला सेक्टरामागे सिडकोनं 'नियोजित उद्यान' अशी पाटी लावून एक मैदान मोकळं सोडलं होतं. आजवर तिथं फक्त म्हशी चरायच्या. त्र्याऐंशी सालच्या त्या थंडीत मात्र मैदानावर मांडव पडला आणि म्हशींना तिथं उभं राहायलाही जागा उरली नाही.

मांडवाच्या मधोमध भगवा पडदा ताणलेला. पडद्याला खालच्या अंगाला ओळीनं भोकं. बायका पलीकडे बसलेल्या आणि भोकांतून नुसते त्यांचे पाय अलीकडे आलेले. भेगाळलेले, जोडवी घातलेले, कुणी लाजून बोटं आवळलेली, जणू पायांचं दुकानच थाटलंय. वाटीमहाराज परस्त्रीचं मुख पाहत नसत. पायांना त्यांची हरकत नव्हती. पुरुषांची रांग अलीकडे, उघड्यावर, थेट रस्त्यापर्यंत गेलेली.

"सिडकोनं तुमच्या संडासाला ड्रेनेज दिलं!" महाराजांचा पट्टशिष्य पोपट माइकवर ओरडत होता. "मोरीला दिलं! पण तुमच्या बॉडीला ड्रेनेज कुणी दिलं?"

"महाराजांनी!"

"बॉडीचं ड्रेनेज कुठं?"

"तळव्यात!"

"आणि त्याचं झाकण कोण उघडणार?"

"वाटी!"

मग महाराज हातात काशाची वाटी घेत. डबीतलं भस्म-तूप, म्हणजे भस्म कालवलेलं गाईचं तूप, समोरच्या तळव्यावर थापत आणि गोल गोल घासायला लागत. पाय आधी पांढुरका दिसे, मग राखाडी, आणि बघता बघता काळाकुट्ट, सायकलच्या चेनला हात पुसावा तसा.

"ही उष्णता," महाराज डोळे मिटून सांगत. "ही साखर. हे बीपी. आणि हे जे चिकट आहे ना, हे सासूचं बोलणं. तेसुद्धा इथनंच निघतं."

पडद्यामागे खसखस पिकली. सारसोळ्याची शेवंताबाई मासळीची पाटी बाहेर ठेवून येऊन बसली होती. तिनं पाय आत ओढून घेतला आणि शेजारणीला दाखवला.

"बाय माजे! डांबर निंगालं गो, डांबर! येवऱ्या डांबरात आमचे गावचा रस्ता झाला असता!"

तिच्या शेजारी बसलेल्या सुंदराबाईला हसू आलं, पण पुरतं आलं नाही. तिचं लक्ष पडद्याच्या फटीतून पुरुषांच्या रांगेकडे होतं. तिथं तिचा नवरा शिवराम डावा पाय पुढं करून, हात जोडून, तल्लीन होऊन बसला होता.

शिवराम ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात टाइमकीपर. महाडकडचं बौद्ध कुटुंब, घरात बाबासाहेबांची तसबीर. आणि तिच्याच खाली बसून हा माणूस रोज वाटीचे चमत्कार सांगायचा. त्याला साखरेचा विकार होता. डाव्या अंगठ्याला बुटानं चावा घेतला, त्याची जखम झाली, आणि बरी व्हायचं नाव घेईना. अशात महाराज अवतरले. "गोळ्या म्हणजे ड्रेनेजमध्ये बोळा," असं महाराज म्हणाले, आणि शिवरामनं साखरेवरच्या गोळ्या बाटलीसकट कचऱ्यात टाकल्या.

"अहो, अंगठा सुजलाय," सुंदराबाई म्हणाली की तो हसायचा.

"सुंदरे, दुखतंय का मला? जराही नाही! आधी दुखायचं. टाचणी टोचली तरी कळत नाही आता. याला म्हणतात गुण."

शेवटी ती एकटीच आरिफा डॉक्टरणीकडे गेली. डॉक्टरीण मूळची उरणची, वाशीच्या मार्केटवर एका खोलीत दवाखाना. बोलणं तुटक, पण डोळे मायाळू.

"दुखत नाही म्हणतात? वहिनी, तेच तर वाईट आहे. साखरेनं पायाच्या नसा मुक्या होतात. घरात आग लागली आणि घंटाच वाजली नाही, असं झालंय ते. त्यांना आणा. असंच चाललं तर आधी अंगठा जाईल, मग पाय."

"पण डॉक्टरीणबाई, ते काळं निघतं ते? मी स्वतः बघितलंय."

"मीसुद्धा बघितलं. मांडवाशेजारनंच येते मी. ते कशानं होतं मला माहीत नाही," आरिफा डॉक्टरीण सरळ म्हणाली. "पण एक विचारते. ते कुणाच्या पायातून निघालं नाही, असा एक तरी माणूस सापडला का?"

सुंदराबाई विचार करत घरी आली. निघालं नाही असा माणूस? छे. बारशाच्या पोरापासून तोंडात दात नसलेल्या आजोबांपर्यंत सगळे काळे. मग तिच्या मनात आलं, माणूस नाही तर नाही. दुसरं काही?

शिवरामनं महाराजांकडून घरी घासायला म्हणून वाटी आणि डबी आणलीच होती. सुंदराबाईनं दार लावलं, टोपलीतला दुधी भोपळा मांडीवर घेतला, त्याला भस्म-तूप फासलं आणि घासायला लागली. मनातल्या मनात म्हणाली, महाराज, याला सासू नाही, बघा हं.

दुधी काळा झाला. चांगला काळाकुट्ट झाला. सुंदराबाई एकटीच खिदळत सुटली, पदर तोंडात कोंबावा लागला. मग तिनं पोळपाट घासला, तोही काळा. मोरीचा कठडा घासला, तोही काळा. घरातली एकूण एक वस्तू विकारी निघाली.

संध्याकाळी तिनं हा सगळा दरबार शिवरामपुढं मांडला. त्यानं चष्मा लावून नीट पाहिलं.

"दुधी थंड असतो, बरोबर? मग त्याची थंडाई कुठनं आली? आतली उष्णता दाबूनच ना? ती निघाली."

"आणि पोळपाट?"

"रोज गरम पोळ्या लाटतेस त्याच्यावर."

"लाटताना त्या गार असतात हो!"

"तुला नाही कळायचं ते."

"आणि मोरी? मोरीलाही साखर झालीय का?"

शिवरामनं चष्मा काढला. "मोरी तर ड्रेनेजच आहे," तो विजयानं म्हणाला आणि जेवायला बसला.

सुंदराबाई त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिली. कडेला जांभळट झाक आली होती. तिला कळून चुकलं की दुधीनं, पोळपाटानं हा माणूस हलायचा नाही. महाराजांच्या तोंडचं ऐकल्याशिवाय तो कुणाचंच ऐकणार नाही. मग ठीक आहे. महाराजांच्याच तोंडून ऐकवू.

पुढच्या रविवारी महाराजांचा मोठा सोहळा होता. पुरुषांची रांग पार बसस्टॉपपर्यंत. शिवरामला सुजल्या पायानं उभं राहवेना.

"अहो, बायकांच्या बाजूला मोकळं आहे," सुंदराबाई हळूच म्हणाली. "पडदाच तर आहे. पाय घाला भोकातून. कुणाला दिसतंय?"

"छट्! बायकांत?"

"घरी परत जायचं का मग? आजच्या दिवशी वाटी चुकवायची?"

वाटी चुकवायची म्हटल्यावर शिवराम मुकाट आत शिरला. शेवंताबाईनं "ये दादा, ये, बस," म्हणून सरकून जागा दिली आणि चेहरा फिरवून खांदे हलवत हसायला लागली. तिला सगळं आधीच सांगून ठेवलेलं. सुंदराबाईनं आपल्या पायातलं जोडवं काढून त्याच्या बोटात सरकवलं.

"हे काय आता?"

"चांदी शीतल असते, महाराजच म्हणाले होते ना परवा?"

म्हणाले होते खरे. शिवरामनं जोडव्यासकट पाय बाहेर घातला. साखरेच्या दुखण्यानं त्याच्या पोटऱ्यांवरचे केस कधीच झडले होते. पाय कसा गुळगुळीत, घरंदाज दिसत होता.

पलीकडून वाटी फिरायला लागली. काळं निघालं. महाराजांनी दीर्घ श्वास घेतला आणि पोपटानं माइक त्यांच्या तोंडाशी धरला.

"अरेरे, माई! केवढं सोसलंस! तुझं गर्भाशय सरकलंय. सगळी उष्णता तिथं साठलीय. म्हणून मूल राहत नाही. अकरा शुक्रवार वाटी घे, वर्षाच्या आत पाळणा हलेल."

मांडवात "वा वा" झालं. पडद्यामागून एक घोगरा आवाज आला.

"कुणाचं गर्भाशय?"

महाराजांचा हात थांबला.

"माई, तुझं..."

"मी शिवराम!" पडदा बाजूला सारून शिवराम उभाच राहिला, एका पायात जोडवं, तळवा काळा. "महाराज, मी टाइमकीपर शिवराम! याच पायातनं गेले पंधरा दिवस तुम्ही साखर काढताय! हाच पाय, हाच अंगठा! आज त्यात गर्भाशय कुठनं आलं?"

मग शेवंताबाईला जे हसू फुटलं ते शेजारणीला लागलं, तिथून पुढच्या रांगेला, आणि पुरुषांच्या रांगेतून थेट बसस्टॉपपर्यंत पोचलं.

"बारशाला बोलव रं दादा!" शेवंताबाई ओरडली. "मी बोंबिल घेऊन येतंय!"

पोपट माइकवर ओरडायला लागला, "शांत बसा! हा मागच्या जन्मी स्त्री होता! त्या जन्मीची उष्णता..." आणि खरं सांगायचं तर दोन-चार माना डोलल्यासुद्धा. माणसाचं मन असंच असतं, ज्यावर विश्वास टाकला ते हातचं सोडवत नाही.

पण सुंदराबाईनं तेवढ्यात पिशवीतून नवा कोरा दुधी काढला होता. महाराजांच्याच हातातली वाटी तिनं घेतली, महाराजांच्याच डबीतलं भस्म-तूप लावलं आणि सगळ्यांदेखत घासलं. दुधी काळा. मांडवाचा बांबू घासला. बांबू काळा.

"आता सांगा," ती म्हणाली, आणि माइक जवळच असल्यामुळे ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं, "या दुधीला बीपी आहे का गर्भाशय?"

मांडवाशेजारनं निघालेली आरिफा डॉक्टरीण हशा ऐकून थांबली होती, ती गर्दीतून पुढं आली. तिनं डबीतलं भस्म बोटावर चोळून बघितलं. "वहिनी, हे भस्म म्हणजे काय हो?"

"राख. गोवरीची राख." सुंदराबाईनं उत्तर दिलं आणि देता देता स्वतःच थबकली. वाटीकडे बघितलं, राखेकडे बघितलं, स्वतःच्या काळ्या बोटांकडे बघितलं. "अगं बाई! आपण रोज पितळेचा हंडा राखेनं घासतो तेव्हा हात कसे होतात?"

बायकांत कुजबुज सुरू झाली आणि तिचा कल्ला झाला. काळे! रोज सकाळी काळे! लग्न झाल्यापासून काळे! काशाला नाहीतर पितळेला राख घासली की धातूचा बारीक चुरा निघतो, तो तुपात कालवला जातो आणि वंगण तयार होतं. पाय असो, दुधी असो, बांबू असो, काळं निघतं ते वाटीतून. हे ठाऊक नाही अशी एक बाई त्या मांडवात नव्हती. पण महाराजांच्या हातात वाटी आली की सगळ्याजणी आपापली मोरी विसरल्या होत्या.

"म्हंजे ह्यो इतके दिस आमच्या पायावं भांडी घाशीत व्हता?" शेवंताबाई म्हणाली. त्यावर महाराज जे उठले ते मोटारीत जाऊनच बसले. पोपट मागून माइकची वायर गुंडाळत धावला.

शिवराम मात्र हसत नव्हता. तो खाली बसून आपल्या अंगठ्याकडे बघत होता. "डॉक्टरीणबाई," तो बारीक आवाजात म्हणाला, "हा अंगठा जाणार का?"

"आता तुमच्यावर आहे. चला."

दवाखान्यात डॉक्टरणीनं जखम धुतली, मेलेला भाग कापून काढला, आणि मग टेबलावर काचेच्या तीन नळ्या ठेवल्या. तिन्हींत निळं औषध.

"तुम्ही माझ्यावरही एकदम विश्वास ठेवू नका," ती म्हणाली. "यात लघवी घालून तापवली की साखर असेल तर रंग बदलतो. पण आधी एका नळीत नुसतं पाणी घाला. तुम्हीच घाला."

शिवरामनं पाणी घातलं, स्पिरिटच्या दिव्यावर तापवलं. निळं ते निळंच. सुंदराबाईची लघवी तपासली. निळंच. मग त्याची स्वतःची तपासली. नळीत हिरवट आलं, पिवळं आलं आणि शेवटी विटेसारखं लालभडक झालं.

शिवरामनं ती लाल नळी बाकीच्या दोन निळ्या नळ्यांशेजारी धरली. वाटीचं काळं सगळ्यांतूनच निघत होतं, म्हणून ते कुणाबद्दलच काही सांगत नव्हतं. हा लाल रंग मात्र पाण्यात आला नाही, बायकोत आला नाही, फक्त त्याच्यात आला होता.

"गोळ्या लिहून द्या," तो म्हणाला.

अंगठा वाचला. नख गेलं आणि टोकाचा थोडा भाग गेला, ते जायचंच होतं. कॉलनीतल्या बायका पुढं कधी भेटल्या की एकमेकींना सांगत, पण वाटीनं बरं वाटायचं हो. वाटणारच. जन्मभर ज्यांच्या पायाला कुणी हात लावला नाही, त्यांचे पाय कुणी पाच मिनिटं चोळले तर बरं वाटणारच. त्याला महाराज कशाला हवा? घरात एकमेकांचे पाय चोळा, तेल आपलं, हात आपले. पण आजार काढायला निघालेल्या प्रत्येकाला, तो मांडवातला असो की दवाखान्यातला, एवढं जरूर विचारा : हे कशातून निघत नाही ते आधी दाखव.

शिवराम आता रोज सकाळी स्वतःच नळी तापवतो. पहिले काही दिवस लाल, मग नारिंगी, मग हिरवट. आणि एका सकाळी तो बनियनवरच, लंगडत, नळी उंच धरून बाहेर पळत आला आणि सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असा ओरडला,

"सुंदरे! निळी! निळी राहिली गं!"