बिरप्पाचा शब्द

बिरप्पा मुंबईच्या दवाखान्यातून परत आला तेव्हा सांगोल्याच्या स्टेशनात त्याला न्यायला निम्मी वाडी लोटली होती. डोक्यात गाठ झालेला माणूस जिता परत येतो, हे कुणी पाहिलंच नव्हतं. जाताना तो दोन्ही हातांनी डोकं धरून ओरडत गेला होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी त्याला तिकडं धाडलं. गाठ कापण्याजोगी नव्हती, म्हणून म्हणे त्याला एका यंत्राखाली निजवून ती किरणांनी जाळली. ठणका गेला, ओकाऱ्या थांबल्या. कानाच्या वर तळहाताएवढ्या जागेवरचे केस तेवढे गेले, ते पुन्हा आलेच नाहीत. पण फेटा बांधला की तेही कुणाला दिसत नसे.

साल-दीड साल बरं गेलं. मग त्याच्या बायकोला, केराबाईला, एकेक गोष्ट खटकायला लागली. भाकरी खाऊन उठलेला माणूस घटकाभरानं विचारी, "आज जेवाय न्हाय व्हय?" भर उन्हात मेंढरांमागं चालता चालता खाली बसे आणि तिथंच झोपून जाई. ज्यानं जन्मात बायकोवर आवाज चढवला नव्हता, तो ताकात मीठ कमी पडलं म्हणून गाडगं भिंतीवर फोडी आणि मग स्वतःच खापऱ्यांकडं बघत राही.

केराबाईनं त्याला पुन्हा सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं, गुडघ्यावर ठोकून पाहिलं.

"गाठ नाही उठली परत," ते म्हणाले. "किरणांनी गाठीबरोबर आजूबाजूचंही भाजलं असणार. ते आता डोकं वर काढतंय. याला औषध नाही, बाई. सांभाळून घ्या."

सांभाळून घ्यायचं म्हणजे झाकायचं, असं केराबाईनं धरलं. दुसरं काय करणार होती? बिरप्पा पंचांतला माणूस. पाच-पंचवीस वाड्यांत त्याचा शब्द चालायचा. बाजारात ती त्याच्या खांद्यामागून चालायची आणि समोरून कुणी आलं की पदराआडून नाव सांगायची. पंचांची बैठक असली की पारामागं शेळी घेऊन उभी राहायची आणि काय ठरलं ते घरी आल्यावर त्याला पुन्हा सांगायची. तो गुमान ऐकून घ्यायचा. पहिल्यांदा हसला होता. पुढं हसेना.

थोरली लेक बाळाबाई लग्नाची झाली होती. करमाळ्याकडचा मायाप्पा आपल्या लेकासाठी मागणी घेऊन आला. घर चांगलं, मेंढरं भरपूर. बिरप्पाला पसंत, केराबाईलाही पसंत. सुपारी फोडायचा दिवस ठरला. दारात घोंगडी अंथरली, पंच आले, मायाप्पा आपल्या भावकीसह येऊन बसला. तेवढ्यात वाटेवरून करकंबचा सिद्धाप्पा तरातरा चालत आला. बिरप्पाचा जुना सोबती, दोघांनी मिळून कितीतरी उन्हाळे मेंढरं चारली होती. त्यानं पायताणही काढलं नाही.

"बिरप्पा, ऐकलं त्ये खरं हाय व्हय?"

"ये की, बस. पोरीची सुपारी हाय."

"कुनासंगं? आरं, सुगीत माज्या दारात देवाचा भंडारा उचलून, शपत घिऊन पोरगी दिलीस की माज्या लेकाला!"

बिरप्पाचा चेहरा कोरा झाला. मग लाल. "मी? कवा? तुज्या दारात मी आलोच न्हाय."

"दोन रात राहिलास माज्या घरात!"

"खोटं! भर पंचात खोटं बोलतोस?" बिरप्पा काठी घेऊन उठला. पंचांनी त्याला धरलं. "शिद्या, बिरप्पाचा शब्द आमी वळखतो," एक म्हातारा म्हणाला, "तू उगं मोडता घालाया आलायस."

दाराच्या आड उभ्या केराबाईला आठवलं. सुगीत बिरप्पा करकंबकडं गेला होता. परत आला तेव्हा त्याचे हात, फेट्याची कड, सगळं हळदीनं पिवळं झालं होतं. तिनं विचारलं होतं, "कुटं उचलला भंडारा?" तो म्हणाला होता, "देवाला गेलो असंन." तिनं पुढं विचारलं नव्हतं. आताही ती गप्प राहिली असती तर कुणाला कळणार होतं? सिद्धाप्पा खोटा ठरून निघून गेला असता. तो घाम पुशीत उभा होता, आणि त्याच्या बाजूनं बोलणारं तिथं एकही माणूस नव्हतं.

केराबाई उंबऱ्याबाहेर आली.

"सिद्धाप्पाभाऊ खरं बोलत्यात," ती म्हणाली. "ह्येंच्या ध्येनात न्हाय. ध्येनात ऱ्हातच न्हाय कायबी. किरनांनी डोस्कं भाजलंय. मी झाकत आले."

बिरप्पा तिच्याकडं बघत राहिला. काठी हळूहळू खाली आली. मग तो सिद्धाप्पाकडं वळला.

"मी भंडारा उचलला म्हंतोस?"

"व्हय."

"मला ठावं न्हाय. पन तू बोलतोयस म्हंजी उचलला असंल. पोरगी तुजी."

मायाप्पा उठला. जाताना पंचांना ऐकू जाईल असं बोलला, "बरं झालं, आदीच कळलं. असल्या डोस्क्याच्या बापाची लेक आमच्यात नगं." सिद्धाप्पाही थांबला नाही. "घरात इचारतो," म्हणाला, आणि पाण्याला न शिवता गेला. बाळाबाई आत चुलीपाशी बसून होती. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला.

बऱ्याच दिवसांनी सिद्धाप्पाची बायको, चिमाबाई, एकटीच आली. दिवसभर राहिली. बाळाबाईला मेंढ्यांची नावं विचारली, सकाळी सांगितलेलं संध्याकाळी पुन्हा विचारलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण एकही उत्तर चुकलं नाही. निघताना चिमाबाई म्हणाली, "राग मानू नगा, बाई. लेकाच्या आईला बघाया लागतं." लग्न करकंबलाच झालं.

त्यानंतर पंचांचं बोलावणं आलं नाही. वाटेत भेटलेले लोक बिरप्पासमोरच केराबाईला विचारत, "कसं हाय ह्येंचं?" तिला आता काही झाकावं लागत नव्हतं. पण बिरप्पा तिच्याशी बोलेनासा झाला होता. रागावलाय की आजार वाढलाय, हे तिला कळेना. दोन्हींची चाल सारखीच होती.

एकदा माळावर, मेंढरं चरत असताना, तो आपणहून बोलला.

"बाळीचं लगीन झालं न्हवं?"

"झालं की. तुमीच अक्षदा टाकल्या."

"न्हाय आठवत." त्यानं गवताची एक काडी मोडली. "त्यो दिस आठवतोय. तू भाईर आलीस आन् बोललीस. सगळी बसली व्हती. समदं निसटतंय, केरा, त्येवढं निसटंना झालंय."

केराबाईला काहीतरी बोलायचं होतं. तुमचा शब्द राहावा म्हणून बोलले, असं म्हणावं का? त्यातलं किती त्याच्यापाशी उरेल? कळप ओढ्याकडं वळला होता. तिनं पदर खोचला आणि त्याला हात देऊन उठवलं. तो उठला. हात मात्र लगेच सोडवून घेतला.