चांगल्यांच्या गटात

संशोधन करणाऱ्या बाई येणार, त्या दिवशी माझ्या मुलीने सकाळपासून तिच्या वडिलांना तयार करायला घेतले होते. शर्टाची बटणे त्यांची त्यांना लावू दिली, आणि ती लागली तेव्हा माझ्याकडे असे पाहिले, जणू भांडण जिंकले.

माझ्या यजमानांनी आयुष्यभर कोट बेतले. कापडावर यांनी ओढलेली खडूची रेघ पुसण्याची वेळ कधी आली नाही. काजे-बटणे माझ्याकडे असत. सहा महिन्यांपूर्वी जेवता जेवता यांचे हृदय बंद पडले. ताट बाजूला सारण्यापलीकडे मला काही सुचले नाही. मुलीने मात्र यांना जमिनीवर आडवे केले आणि रुग्णवाहिका येईपर्यंत, घामाने निथळत, यांची छाती दाबत राहिली. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिनेही ऐकला, पण हात थांबवले नाहीत.

हृदय सुरू झाले. शुद्ध लगेच आली नाही. अशा रुग्णाचे शरीर काही काळ थंड ठेवल्याने मेंदू अधिक वाचतो, की नुसता ताप येऊ न देणे पुरते, याचा अभ्यास त्या रुग्णालयात चालू होता. कोणाच्या वाट्याला कोणता उपचार येणार, ते संगणक ठरवी. यांना त्यात घेऊ का, असे डॉक्टरांनी मला विचारले. मी म्हटले, "घ्या. पण नंतर येऊन माणूस कसा आहे ते बघा. अर्धवट काम मला चालत नाही."

म्हणून त्या बाई आल्या होत्या. यांच्यावर कोणता उपचार झाला, हे त्यांना मुद्दामच कळू दिलेले नव्हते.

त्यांची चाहूल लागताच मुलगी माझ्या कानाशी आली. "आई, नीट बोल हं. उगाच खुसपटं काढू नकोस."

"मी कधी वेडंवाकडं बोलले?"

"तू सरळच बोलतेस गं. समोरच्याच्या शिवणी उसवतात."

बाई खुर्चीवर टेकल्या. "आजी, आधी आजोबांशी बोलते, मग तुमच्याशी."

"आजी मी माझ्या नातवंडांची. पण विचारा काय ते."

यांनी उत्तरे उत्तम दिली. आंघोळ स्वतः करतो. जेवतो स्वतः. फिरायला जातो, वाट चुकत नाही. काही त्रास? छे, सगळं छान आहे. मुलीचा चेहरा उत्तरागणिक फुलत गेला.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काय वाटतं? पूर्वीसारखे आहेत?"

मुलीने माझ्याकडे पाहिले. तिला काय ऐकायचे आहे, ते मला पुरते ठाऊक होते.

"पूर्वी हे माझ्याशी भांडायचे," मी म्हटले. "बाही बोटभर लांब झाली म्हटलं, की दोन दिवस अबोला, आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप आखूड करायचे. परवा मी मुद्दाम कोटाला उलटी बाही जोडून दाखवली. छान म्हणाले. हातात कात्री दिली, तर पुसून परत दिली. फार सज्जन गृहस्थ आहेत, बाई. माझा नवरा नव्हे."

हे मान डोलावत ऐकत होते. मुलगी उठून उभी राहिली.

"म्हणजे मी थांबायला हवं होतं?"

"असं मी म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंस?"

बाईंनी घसा खाकरला. "मी सगळं लिहून घेतलंय. पण जो घरात स्वतःचं स्वतः करू शकतो, तो आमच्याकडे चांगल्यांच्याच गटात जातो. आजोबा चांगल्यांत आहेत."

"आणि मी सांगितलं ते?"

"त्यानं गट बदलत नाही, आजी."

त्या गेल्यावर मुलगी दारातच थांबली. "ऐकलंस ना? तुझ्या बोलण्यानं काही बदलणार नव्हतं. मग माझ्यासमोर कशाला बोललीस?"

"त्यांनी विचारलं म्हणून."

"मी विचारलं नव्हतं, आई."

आता ती येते, ती मी बाजारात गेल्याची खात्री करून घेऊनच. शेजारीण सांगते, बापलेकींच्या गप्पा अगदी रंगात आलेल्या असतात. परत येताना जिन्यात मलाही त्यांचे हसणे ऐकू येते. मी वर पोहोचेपर्यंत ते थांबलेले असते, आणि तिने पायांत चपला घातलेल्या असतात.