होळीला कोण कोण होतं

माणिकप्पाला चौकशीचा भारी नाद. जळकोटला हायवे सोडून आत वळलं की जी वाडी लागते, तिच्या तोंडाशीच त्याचं किराणा दुकान. तिथं बिस्किटपुडा घ्यायला थांबलेल्या माणसाला पुडा हातात पडायच्या आधी गाव कुठलं, आडनाव काय, इकडं पाव्हणे कुणाकडं, तुमच्याकडं पाऊसपाणी कसं, एवढं सगळं सांगावं लागायचं. "अहो, माणूस साखर न्यायला आलाय, जनगणनेला न्हाय!" असं त्याची बायको शिवम्मा आतून ओरडायची. जास्तच चिडली की कानडीत घुसायची. "सुम्न कुंद्री!" म्हणजे गप बसा. माणिकप्पा गप बसायचा, पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत.

पण वर्षातून एका संध्याकाळी ह्याच माणसाचं तोंड ऐकायला अख्खी वाडी गोळा व्हायची. शिमग्याला. होळी पेटली की माणिकप्पा पुढं सरायचा, कुणाचं तरी नाव घ्यायचा आणि पालथा हात तोंडावर मारून अशी बोंब ठोकायचा की हायवेवरच्या ढाब्यात माना वळायच्या. बोंब म्हणजे नुसता आरडाओरडा नव्हे बरं का. वर्षभर जे सगळ्यांच्या पोटात असतं पण ओठावर येत नाही, ते त्या बोंबेत यायचं. एका वर्षी त्यानं स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्याच्या नावानं मारली होती, त्यानं भर रस्त्यात बांधलेल्या ओट्याबद्दल.

वाडीचा नेम असा, की ज्याच्या नावानं बोंब, त्यानं होळीपाशी तोंड वाकडं करायचं नाही, हसायचं. दुसऱ्या दिवशी धुळवडीला त्यानंच होळीतली चिमूटभर राख बोंब मारणाऱ्याच्या कपाळाला लावायची आणि म्हणायचं, "राख लागली, इषय संपला." संपला म्हणजे संपला. पुन्हा त्यावर कुणी ब्र काढायचा नाही. आणि गंमत बघा, पाडव्याच्या आत तो रस्त्यातला ओटा निघालेला होता. कुणी काढला, कधी काढला, विचारायचं नाही.

गेल्या शिमग्याला पाळी आली सरपंच कृष्णराजची. वाडीत फिल्टरच्या पाण्याचं मशीन बसलं होतं, दसऱ्यालाच. पत्र्याची खोली, नळ, रंग, सगळं झकास. पण दाराला कुलूप. का, तर उद्घाटनाला मोठा पाव्हणा येणार होता आणि पाव्हण्याला सवड नव्हती. बायका कुलपाकडं बघत बघत बोरिंगचं खारं पाणी भरून न्यायच्या. तर होळी पेटली, माणिकप्पा पुढं झाला.

"अरे कृष्णराजच्या नावानं! पाणी हाय, मशीन हाय, दाराला कुलूप हाय. पाव्हणा कवा येतो त्याचा पत्ता न्हाय! बोंबोंबोंबों!"

लोक हसून हसून बेजार झाले. कृष्णराजसुद्धा हसला, मनापासून हसला. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन त्यानं राख लावली आणि जाता जाता कानाशी म्हणाला, "आप्पा, पाडव्याला उघडतो. पाव्हणा गेला उडत." झालं. इथंच गोष्ट संपायची, दरवर्षी संपायची तशी.

पण माणिकप्पाची सून अर्पिता, लातूरची पोरगी, हौशी. सासऱ्याचं तिला भारी कौतुक. तिनं ती बोंब मोबाईलमध्ये घेतली आणि 'आमचे मामा' असं लिहून इन्स्टाग्रामवर टाकली. तिच्या मनात काही म्हणजे काही वाईट नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती धावत दुकानात आली. "मामा, लाखाच्या वर गेलं!"

"काय गेलं?"

"तुमची बोंब. लाखाच्या वर लोकांनी बघितली."

माणिकप्पाचा हात तराजूवरच राहिला. आयुष्यात एवढी गिऱ्हाइकं त्यानं पाहिली नव्हती. "कोण कोण हायत?" हा त्याचा पहिला प्रश्न. मग काय विचारता! दुपारची झोप गेली, पारावरचं बसणं गेलं. सुनेचा मोबाईल घेऊन हा गडी एकेक कमेंट वाचायचा आणि एकेकाला जबाब द्यायचा. कुणी लिहिलं, 'काका एकच नंबर.' ह्याचा जबाब, 'गाव कुठलं?' कुणी लिहिलं, 'आमच्याकडे दवाखान्याला कुलूप आहे.' कुणी लिहिलं, 'आमच्या शाळेच्या संडासाला.' ह्याला तर हर्षच झाला. कुठं नांदेड, कुठं सांगली, कुठं पार बिदर, आणि सगळीकडं कुलपं!

"शिवम्मा, ऐकलं का? आपल्याच वाडीला वाटायचं आपलं नशीब फुटकं. ही बघ, देशभर कुलपं हायत. आणि ह्या समद्यांना पहिल्यांदाच कुणीतरी बोललेलं घावलंय."

"घावलं ना? आता जेवा," शिवम्मा म्हणाली.

चार दिवसांनी मात्र कमेंटांचा वास बदलला. आता त्यात बोंब कमी आणि शिव्या जास्त. शिव्या म्हणजे कशा, तर होळीलासुद्धा कुणी देणार नाही अशा. कृष्णराजला चोर म्हटलं, दरोडेखोर म्हटलं. कुणीतरी बोंबेला गाणं जोडलं. कुणीतरी कृष्णराजच्या वाढदिवसाच्या बॅनरवरचा फोटो शोधून वर चिकटवला. त्या बॅनरवर तो एकटा नव्हता, त्याची लेक राजेश्वरीही होती, लातूरला कॉलेजात शिकणारी. आता तिच्या फोटोखालीही लोक लिहायला लागले. ते वाचून माणिकप्पानं मोबाईल पालथा ठेवला.

"अर्पिता, काढ ते. आत्ताच्या आत्ता."

तिनं काढलं. तिचाही चेहरा उतरला होता. "मामा, माझ्याकडचं काढलं. पण लोकांनी घेतलंय ते, त्यांच्याकडं हाय. ते कसं काढू?"

"मंग आता त्या बोंबेचा मालक कोण?"

त्या दिवशी हे त्यानं प्रत्येक गिऱ्हाइकालाही विचारलं.

दुसऱ्या दिवशी कृष्णराज दुकानासमोर उभा राहिला. आत आला नाही. एरवी आला की हा माणूस शेंगदाण्याच्या पोत्यात हात घालून बोलायचा, आज हात खिशात.

"आप्पा, बोंब माझ्या नावानं व्हती. म्या हसलो. राख लावली. पण माझ्या राजेश्वरीच्या नावानं कुणी मारली, ते सांगा मला. पोरगी दोन दिस झालं कॉलेजला गेली न्हाय."

जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारलेल्या माणसाला आज कुणीतरी प्रश्न विचारला होता. त्याला लाज वाटली, सरळ सांगायचं तर रडू यायचं बाकी राहिलं.

"आणि पाडव्याचं म्हणाल," कृष्णराज पुढं म्हणाला, "तर कुलूप निघायचं न्हाय आता. निघालं तर लोक म्हणतील, मोबाईलवाल्यांनी वाकवला. मेलो तरी उघडणार न्हाय."

"आरं, पण पाणी..."

"पाणी मागा की तुमच्या लाखभर लोकांकडं!"

हा घाव बरोबर बसला. माणिकप्पा रात्रंदिवस त्याच गोष्टीचा विचार करायला लागला. होळीभोवती असतात ती पाच-पन्नास माणसं. त्यांच्या बोंबेनं ओटा निघतो. आणि इथं लाखभर माणसं एकसाथ बोंबलली, तर कुलूप उलटं घट्ट बसलं. हे असं कसं? त्यानं शिवम्माला विचारलं, अर्पिताला विचारलं, पिंपळाखालच्या म्हाताऱ्यांना विचारलं. एक दिवस देवापुढं बसून कपाळाला भस्म लावता लावता त्याचं त्यालाच सुचलं. त्या लाखभर लोकांना राख कुणी लावलीच नाही. त्यांना ठाऊकच नाही की इषय संपलाय!

मग काय, हा उठलाच. होळीची राख पुडी करून देव्हाऱ्यात ठेवलेली होती. ती घेऊन कृष्णराजच्या घरी गेला. "मोबाईलसमोर लाव मला राख. समद्यांना दिसू दे." कृष्णराज नको नको म्हणत होता, पण आतून राजेश्वरी म्हणाली, "लावा की बाबा. बघू तरी." लेकीसाठी तो तयार झाला. अर्पितानं रील काढलं. कृष्णराजनं राख लावली, माणिकप्पा हात जोडून म्हणाला, "आमच्या वाडीत राख लागली की इषय संपतो. तुमीबी समद्यांनी संपवा. पोरीचा फोटो काढून टाका. पाया पडतो."

त्या रीलला बघणारे किती? वाडीतले, पाव्हणेरावळे आणि कुठले तरी चुकलेमाकले. खाली कमेंट आली, 'काका मॅनेज झाले.' दुसरी आली, 'कितीत विकले गेले?'

"मॅनेज म्हंजी काय गं?" माणिकप्पानं विचारलं. अर्पितानं सांगितलं. तेव्हापासून त्यानं मोबाईलला हात लावला नाही.

हळूहळू लोक विसरले. दुसरीकडं दुसरं काही बोंबललं असेल, सगळे तिकडं गेले. राजेश्वरी कॉलेजला जायला लागली. वाडी मात्र विसरली नाही. वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आता फक्त सरपंचालाच लिहिता यायचं. सकाळी फुलाचं चित्र आणि सणाच्या शुभेच्छा. पारावर कृष्णराज आला की बोलणं शेतावर वळायचं, तो गेला की कुलपावर. त्याच्या तोंडावर कुणी चकार शब्द काढेना. कोण जाणे कुणाच्या खिशात मोबाईल चालू आहे! बायका खारं पाणी भरत राहिल्या. माणिकप्पा रोज दुकान उघडताना त्या पत्र्याच्या खोलीकडं बघायचा आणि मनाशी म्हणायचा, आपल्या बोंबेनं अडलेलं हे पहिलंच काम.

यंदाचा शिमगा आला. होळी पेटली. माणिकप्पा पुढं सरला आणि जागीच थांबला. होळीभोवती माणसं होतीच, पण प्रत्येकाच्या हातात मोबाईल, सगळे त्याच्याकडं रोखलेले. बायका, पोरं, म्हातारेसुद्धा. गेल्या वर्षीची बोंब गाजली होती ना! माणिकप्पानं हात वर केला, तो तोंडापर्यंत जाईना. भीती कृष्णराजची नव्हती. आजवर बोंब मारताना त्याला समोरचा एकेक चेहरा ओळखीचा असायचा, कोण कुणाचा, कुणाला काय लागेल, सगळं ठाऊक. आज त्या मोबाईलांच्या मागं कोण कोण उभं आहे, ते त्याला दिसत नव्हतं. आणि ज्याला गाव विचारता येत नाही त्याच्यापुढं हा माणूस कधी बोललाच नव्हता.

त्यानं हात खाली घेतला. "यंदा न्हाय," म्हणाला. "पोळ्या गार व्हायल्यात, घरी जावा समदे."

"आप्पा!"

पलीकडून कृष्णराज बोलला. पुढं आला, होळीच्या अगदी जवळ. "मारा की. माझ्या नावानं मारा."

"नगं रे बाबा. एकदा मारली ती पुरं झाली."

"तसं नव्हं, आप्पा." कृष्णराजचा आवाज बसला होता. "वरीस झालं, माझ्या तोंडावर कुणी मला काय बोललं न्हाय. हसत्यात, नमस्कार घालत्यात. आन् मागं काय म्हणत्यात ते मला ठावं हाय. मी आपनहून कुलूप कसं उघडू सांगा? तुमी माझ्या नावानं बोंब मारा, म्या राख लावतो, म्हंजी उघडता येतं मला." मग हळूच म्हणाला, "पर होळीपुरतीच मारा."

माणिकप्पानं त्याच्याकडं बघितलं. मग सगळ्यांकडं. "ऐकलं का? समदे आधी ते मोबाईल ठिवा."

सगळ्यांत आधी अर्पितानं बंद केला आणि नैवेद्याच्या रिकाम्या सुपात ठेवला. तिच्यावर राजेश्वरीनं आपला ठेवला. मग कुणी सुपात, कुणी खिशात, कुणी कनवटीला. पोरं कुरकुरली, आयांनी डोळे वटारले. माणिकप्पा एकेक चेहरा बघत होता, हा मल्लिनाथचा, ही धुरपदाबाईची. मागं अंधारात एखादा मोबाईल तसाच चालू राहिला असेल. नसेलही. त्याला कळायला मार्ग नव्हता, आणि तरी त्यानं छाती भरून श्वास घेतला, कृष्णराजचं नाव घेतलं आणि पालथा हात तोंडावर मारला.

हायवेवरच्या ढाब्यात माना वळल्या म्हणतात. होळीभोवती लोक पोट धरून हसले, राजेश्वरी तर डोळे पुसत होती हसून हसून. धुळवडीला राख लागली. पाडव्याला वाडीतल्या बायकांनी गोड्या पाण्याच्या घागरी भरून नेल्या. कुलूप कुणी काढलं, कधी काढलं, कुणी विचारलं नाही.

आणि यंदाची बोंब काय होती म्हणता? ती सांगायची नाही. तुम्ही होळीला नव्हता.