जातं कुठंच जात नाही

मित्रांनो, माझं नाव जातं. हसू नका. नाव जातं असलं तरी मी जन्मात कुठं गेलेलो नाही. बेंबळीतल्या महारुद्रच्या स्वयंपाकघरात, कोपऱ्यात, मी बूड टेकून बसलोय. मला हलवायचं म्हटलं तर दोन धट्टेकट्टे गडी लागतात. व्याकरणात मला ‘ते जातं’ म्हणतात म्हणे, पण मी आता म्हातारा झालोय. मी आपला ‘आलो, बसलो’ असंच बोलणार. तेवढं चालवून घ्या.

मी काळ्या दगडाचा. पाथरवटानं ठोकून ठोकून मला घडवलं. खाली एक तळी, म्हणजे गोल चपटा दगड, वर तशीच दुसरी, मध्ये लोखंडी खीळ आणि फिरवायला लाकडी खुंटा. महारुद्रच्या आजीच्या लग्नाआधी मी बैलगाडीतून या घरात आलो. तेव्हा काय थाट होता माझा! रोजची ज्वारी माझ्यावर, डाळी माझ्यावर, लग्नाची हळदसुद्धा माझ्यावरच. पुढं गावात पिठाची गिरणी आली, मग घरात मिक्सर आला आणि माझ्या डोक्यावर बटाट्यांची टोपली बसली. राग आला होता मला, खोटं कशाला सांगू?

महारुद्रची बायको राजेश्वरी, मुरुम गावची. तिनं लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात ती टोपली उचलून बाजूला ठेवली. तिला येसर करायचं होतं. येसर म्हणजे धान्य आणि मसाला भाजून केलेली आमच्याकडची पूड. तिची आमटी करतात. मिक्सरातलं येसर तिला पटत नसे. तिनं मला टाकी लावून घेतली, म्हणजे माझे गुळगुळीत झालेले दगड पुन्हा खरबरीत करून घेतले, आणि माझे दिवस फिरले. तिची लेक शिवांजली, पहिलीतली, आईसोबत खुंटा धरायची. ओढायची कमी आणि लोंबकळायची जास्त.

बोलण्याच्या बाबतीत हे घर लई जपणारं. इथं दिवा विझवत नाहीत, शांत करतात. बांगडी फुटत नाही, वाढते. कुंकूसुद्धा संपत नाही, तेही वाढतं. आणि घराबाहेर पडताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणायचं. मागं राहणाऱ्यानं ‘ये’ म्हणायचं. एकदा शिवांजली शाळेला निघताना ‘जाते’ म्हणाली, तर राजेश्वरीनं तिला उंबऱ्यावरून माघारी बोलावलं.

“जाते म्हणू न्हाय बाई. येते म्हण.”

“का?”

“जाते म्हणलं की माणूस परत येत न्हाय.”

राजेश्वरी हसत बोलली होती. पोरीनं मात्र ते गाठीला बांधून ठेवलं.

या वर्षीही उन्हाळ्यात येसर निघालं. सकाळीच राजेश्वरीनं माझ्या तोंडात मूठभर दाणे टाकले, खुंट्याला हात घातला आणि एकदम डोकं धरून बसली. तिला उलट्या सुरू झाल्या. महारुद्रनं शेजारची जीप बोलावली आणि धाराशिवच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. शिवांजलीला त्या दिवशी मामाच्या गावाला जायचं होतं, तिनं नवा फ्रॉकही घातला होता. आईनं कसंबसं उंबऱ्यात थांबून म्हटलं, “येते गं शिवा. लगीच येते.”

पोर रुसली होती. पाय आपटून म्हणाली, “जा! जा मग!”

राजेश्वरी परत आली नाही. दवाखान्यात पोचायच्या आतच ती मेली.

हा शब्द मी वापरला, कारण मी दगड आहे. माणसांनी तो तोंडातून काढला नाही. महारुद्र फोनवर सांगत होता, “राजेश्वरी गेली. मातीला या.” शेजारच्या सिताबाईनं पोरीला जवळ घेतलं आणि म्हटलं, “आई देवाघरी गेली गं.” भेटायला येणारा जो तो म्हणे, लवकर गेली, सोडून गेली, सोन्यासारखी बाई गेली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. सगळे पोरीला जपतच होते. पण गेली, गेली ऐकताना तिचा चेहरा कसा होतोय ते कुणी बघितलं नाही. माझ्या शेजारीच बसली होती ती, म्हणून मला दिसलं.

ती रडली नाही. मात्र घराबाहेर कुणी निघालं की धावत जाऊन कपडे धरायची. बाप साधा दूध आणायला उठला तरी त्याच्या शर्टाला लोंबकळायची. शाळेचं नाव काढलं की दारामागं लपायची. ताटात वाढलेलं तसंच राहायचं. महारुद्रची थोरली बहीण अयोध्या ढोकीहून येऊन राहिली होती. ती म्हणायची, “पोरगी अशानं आजारी पडंल रे.” बाप मान खाली घालून बसायचा.

सुतक फिटलं, पाव्हणे पांगले. एका दुपारी शिवांजली माझ्याजवळ आली आणि माझ्या तोंडाला तोंड लावून हळूच बोलली, “जात्या, म्या आईला जा म्हणले. म्हणून ती गेली.”

मी काय बोलणार? माझ्या तोंडात तिच्या आईनं टाकलेली शेवटची मूठ तशीच पडून होती. बरं झालं, अयोध्या जेवणाचं ताट घेऊन मागंच उभी होती आणि तिनं ऐकलं. ताट खाली ठेवून तिनं भावाला हाक मारली. “महारुद्रा, हिकडं ये. हिला समजंल असं सांग.”

महारुद्र खाली बसला. “बाळा, आई देवाघरी...”

“आता देवाघरी नको, गेली नको!” अयोध्या ओरडलीच. “हिला वाटायलंय, हिनंच धाडली.”

महारुद्रनं पोरीचे दोन्ही हात हातात घेतले. मग म्हणाला, “शिवा, तुझी आई मेली.”

ज्या घरात दिवासुद्धा विझत नाही, तिथं हा शब्द पडला.

“तिच्या डोक्यातली नस फुटली,” तो बोलत राहिला. “जात्यापाशी डोकं धरून बसली, तवाच फुटली. तू बोलायच्या आधीच. तुझ्या बोलण्यानं काय बी झालं न्हाय, राणी.”

“आईच म्हणली हुती, जाते म्हणलं की माणूस परत येत न्हाय.”

अयोध्यानं इकडं तिकडं बघितलं आणि माझ्या डोक्यावर थाप मारली.

“ह्याचं नाव काय गं?”

“जातं.”

“माझी आजी ह्याला जातं म्हणली, म्या म्हणले, तुझी आई रोज म्हणायची. गेलं का हे कुठं?”

पोरीनं मान हलवली.

“आता तू म्हणून बघ. जोरात म्हण.”

शिवांजली उभी राहिली. “जा!” मग दोन्ही हातांनी ढकलत, “जा! जा की! जा!” घसा बसेपर्यंत ओरडली ती. मित्रांनो, आयुष्यभर मी फिरून कामं केली, पण सगळ्यात मोठं काम मी त्या दुपारी जागेवर बसून केलं. मी तसूभर हललो नाही.

“न्हाय गेलं,” ती म्हणाली. मग तिचा आवाज बारीक झाला. “म्हंजी म्या जा म्हणले म्हणून आई मेली न्हाय. पन ती येणार बी न्हाय?”

“न्हाय,” बाप म्हणाला.

तेव्हा कुठं ती रडली. मोठ्यानं रडली, बापही रडला. लई दिवसांनी त्या घराचा जीव मोकळा झाला.

माझं तोंड साफ करायला निघालेल्या महारुद्रला तिनं अडवलं. “ते आईचं हाय. दळायचं.” मग आत्या-भाचीनं खुंटा धरला आणि ती मूठ दळली. वाटीभरसुद्धा येसर निघालं नाही. त्याच्या आमटीत अयोध्यानं मीठ जरा जास्तच टाकलं, तरी शिवांजली भाकरी कुस्करून दोनदा जेवली.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपल्या गोष्टीच्या शेवटी ‘आम्हाला जपा’ म्हणतात. मला नका जपू, मी दगड आहे. लेकरांना मात्र जपा. मोठ्यांनी मोठ्यांत गोड शब्द खुशाल वापरावेत. पण लेकरू त्या शब्दात अडकून बसलं असेल, तर त्याला साधं, खरं काय ते सांगा आणि सांगून झाल्यावर जवळ बसा.

परवा अयोध्या ढोकीला परत निघाली. पिशवी उचलून उंबऱ्यात थांबली. “येते गं शिवा.”

शिवांजलीनं तिचा पदर धरला. “खरंच येणार, का नुसतंच म्हणायलीस?”

“खरंच. पोळ्याला येणार.”

पोरीनं पदर सोडला.

“मग जा,” ती म्हणाली. “जा, आत्या. आन् पोळ्याला ये.”