लिंपलेली भिंत

ज्या वर्षी हर्षलाच्या रियाचं बारसं खालापूरला मामाच्या ओटीवर झालं, त्या वर्षी मी तिच्या घरात आलो. साल कोणतं ते मला सांगता येणार नाही. माझ्या सगळ्या अंगावर आकडेच आकडे आहेत, पण त्यांत सालाचा आकडा नाही. मित्रांनो, मी माप घेण्याचा टेप आहे. पाच मीटरचा, पिवळ्या पट्टीचा. आता जुना झालो आहे.

बारशाला आलेल्या पाकिटांतले पैसे घेऊन हर्षला कर्जतच्या बाजारात गेली आणि हार्डवेअरच्या दुकानातून मला घेऊन आली. तिची आत्या ओटीवरच बसली होती. तिने मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, पोरीला पैंजण घ्यायचे सोडून ह्यो काय आनलास? पोरीच्या पायात बांधनार हायस का?"

"आत्या, पैंजण ह्याच्या कमाईतून येतील," हर्षला म्हणाली.

आणि मित्रांनो, ते आले. जरा उशिरा आले, पण आले.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाची पातळ पट्टी कापली, तिला पिवळा रंग दिला, त्यावर काळे आकडे छापले. मग मला गुंडाळून एका डबीत बसवलं आणि पोटात एक स्प्रिंग घातली. त्या स्प्रिंगमुळे मी कितीही लांब गेलो तरी परत घरी येतो. माझ्या टोकाला एक आकडी आहे, ती थोडी हलते. नवीन माणसाला वाटतं, टेप सैल झाला. तसं नाही. आकडी वस्तूला अडकवून ओढली काय किंवा भिंतीला टेकवून दाबली काय, माप सारखंच यावं म्हणून ती मुद्दाम हलती ठेवलेली असते.

हर्षला बांधकामाची पदविका शिकलेली. आधी तिने कळंबच्या बाजूला रिसॉर्टांच्या कामावर नोकरी केली. तिथे मी पोहण्याचे हौद मोजले, शहाबादी फरशा मोजल्या. तिथलं काम संपलं तेव्हा ती योगेंद्र साहेबांकडे लागली. योगेंद्र साहेब विम्याचे सर्व्हेअर. वाऱ्याने कुणाचे पत्रे उडाले, कुणाच्या घरावर झाड पडलं, की त्या घराचा विमा असला तर साहेब पाहायला जात. काय मोडलं ते साहेब पाहत आणि मोजून काढायचं काम हर्षलाचं. किती विटा, किती वाळू, किती कौलं, दार बदलायचं की नुसता रंधा मारून चालेल, असं सगळं ती ठरवत असे. म्हणजे मोडलेल्या घरांत जाणं हाच माझा धंदा झाला. चांगल्या घरात मला कोण नेणार?

काही जण माझ्याकडे वैद्याकडे पाहावं तसं पाहत. मला त्यांची कीव येई, पण माझ्या हातात एकच गोष्ट होती. आहे तेवढं सांगायचं. वाढवायचं नाही आणि कमी करायचं नाही.

आता सोनाबाईची गोष्ट सांगतो.

कडावच्या पुढे नदीकाठी एक वाडी आहे. तिथे सोनाबाई एकटी राहत असे. नवरा केव्हाच वारला होता. मुलगा किशोर खोपोलीला कारखान्यात कामाला होता आणि तिथेच फ्लॅट घेऊन राहत होता. आईचं जुनं कुडाचं घर पाडून किशोरने कर्ज काढून विटांचं घर बांधलं होतं. कर्जाबरोबरच घराचा विमाही उतरवलेला होता. त्या पावसाळ्यात नदी फुगली आणि पाणी घरात शिरलं. ओसरलं तेव्हा मागच्या खोलीची भिंत तडकली होती. किशोरने विम्याला कळवलं आणि आईला फोन करून सांगितलं, "आये, मंगळवारी साहेब येनार हायत घर बघायला. मी पन येतो."

मंगळवारी आम्ही गेलो, किशोरही तेवढ्यात पोचला. अंगण शेणाने सारवलेलं, दारात रांगोळी. सोनाबाई पदर खोचून दारातच उभी. तांब्या पुढे करून म्हणाली, "या, आदी पाय धुवा. चाय ठेवलीय. हर्षलाताई का तुमी? किशोर बोल्ला व्हता. बसा गं बाय."

योगेंद्र साहेब बसले नाहीत. ते सरळ मागच्या खोलीत गेले, आम्ही मागोमाग. खोली पाहून किशोर दारातच थबकला.

भिंत लख्ख पांढरी होती. एक भेग नाही, पाण्याचा डाग नाही. भेगांत माती भरून, वरून सारवून, त्यावर चुना दिलेला. चुना अजून ओला होता.

"आये! भेगा कुठं गेल्या?"

"लिंपल्या. पाठ मोडली माजी, पन भिंत झाली की नाय कशी लख्ख?"

"अगं पन का लिंपल्यास?"

"तूच म्हनलास ना, पावना येतोय. फाटक्या लुगड्यानं बसू का पावन्याम्होरं?"

"पावना नाय गं तो! विम्याचा साहेब हाय!"

"विम्याचा असला तरी मानूस हाय ना? का विम्यावाले वारा पिऊन राहतात?"

साहेबांना हसू आलं. पण ते लगेच गंभीर झाले. म्हणाले, "आजी, चहा मी घेणार. पण मला डोळ्यांना दिसेल तेच लिहावं लागतं. मला तर इथे चांगली भिंत दिसतेय."

किशोरने कपाळाला हात लावला. "झालं. आता पैसे बी नाय आन भिंत बी नाय. पुढच्या पावसात ही तुज्या अंगावर येईल. मी काय तुला इथं ठेवनार नाय. उद्याच चल खोपोलीला. घराला कुलूप लावतो."

सोनाबाईने पदर सोडला आणि पुन्हा खोचला. एवढंच.

हर्षला मात्र भिंतीकडे पाहत नव्हती. ती वर पाहत होती, भिंत आणि छप्पर मिळतात तिथे. तिने मला पिशवीतून काढलं. तोवर साहेबांनी आपलं लेझर काढलं होतं. ते यंत्र लाल ठिपका पाडतं आणि अंतर सांगतं. साहेबांनी ठिपका खाली पाडला, मग वर पाडला, आणि भुवया उंचावल्या.

"काय बोलतोय तो ठिपका?" सोनाबाईने विचारलं.

"वर जास्त अंतर सांगतोय, आजी."

"त्याचं त्याला ठावं. मला तर ठिपकाच दिसतोय. मला काय समजायचं त्यातून?"

मग हर्षला म्हणाली, "आजी, ह्या पट्टीचं टोक किशोरदादा समोरच्या भिंतीला धरतील. इकडं तुम्ही धरा."

मित्रांनो, आजवर मला किती हातांनी धरलं असेल. पण सोनाबाईचा हात मी विसरलो नाही. भाताची रोपं लावून लावून तिच्या बोटांची पेरं जाड झाली होती आणि नखांत चुना होता. तिला आकडे वाचता येत नव्हते. हर्षलाने मला जमिनीलगत ताणलं, मागच्या भिंतीपर्यंत नेलं आणि म्हणाली, "भिंत जिथं टेकते तिथं पट्टीवर अंगठा दाबा. आता सोडायचा नाही."

सोनाबाईने अंगठा दाबला. मग किशोरने समोरून माझं टोक वर धरलं, आणि हर्षलाच्या आधाराने सोनाबाई बाजेवर चढली. हात उंच करून तिने मला भिंतीकडे नेलं. अंगठा तसाच दाबलेला.

अंगठा भिंतीला टेकेना.

मधे फट राहिली. सोनाबाईने दुसऱ्या हाताची बोटं त्या फटीत घातली. एक, दोन, तीन बोटं आत गेली. भिंत बाहेरच्या अंगाला कलली होती. लेझरही तेच म्हणत होतं. आमचं दोघांचं काही भांडण नव्हतं. पण हे तिला तिच्या बोटांनी सांगितलं.

ती बाजेवरच बसली.

"मला ठावं व्हतं," ती हळू म्हणाली. "पानी गेलं तवापासून कुरकुरतीय ती. म्हनून तर लिंपली. पावन्याचं निमित्त. तुमी मोडकं बघाल, घर गेलं म्हनाल, आन ह्यो मला उचलून न्यील. तिकडं तिसऱ्या माळ्यावर मी काय करू? खिडकीतून खाली बघू?"

किशोर टोक हातात धरून तसाच उभा होता. त्याने ते सोडलं असतं तर मी सर्रकन परत आलो असतो. त्याने सोडलं नाही.

"आये, तू मला बोल्ली का नाय?"

"बोल्ले असते तर तू टेंपोच आनला असतास की रं सामानाला."

ते खरं होतं.

साहेब तिच्यासमोर उकिडवे बसले. "आजी, आता मला दिसलं. पण लिहायला आतली भेगही पाहिजे. थोडं खरवडू का?"

"खरवडा. पन हलक्या हातानं. कालच लिंपलीय."

हर्षलाने थापीने ओला चुना काढला, तशी भेग दिसू लागली. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून ती तिरकी थेट जोत्यापर्यंत गेली होती. मी तिच्यावरून सावकाश सरकलो, दुखऱ्या पायावरून हात फिरवावा तसा. दाराच्या मागच्या अंगाला ब्रश पोचला नव्हता. तिथे लाकडावर पाण्याची काळी रेघ होती, तिचीही उंची मी घेतली.

"बघ," किशोर म्हणाला, "घर राह्यालायक नाय."

"दादा, एक भिंत गेलीय," हर्षला म्हणाली. "बाकीच्या तीन मी आत्ता पाहिल्या, ओळंब्यात, सरळ उभ्या आहेत. छपराला टेकू देऊन ही एक उतरवायची आणि पुन्हा बांधायची. घर नाही जात त्याने. आजींनी तेवढे दिवस पुढच्या खोलीत झोपायचं, इकडं फिरकायचं नाही."

सोनाबाईने मान वर केली. मग आम्ही ती भिंत मोजायला बसलो. लांबी घेतली, उंची घेतली, त्यातून खिडकी वजा केली.

"खिडकी का गं काडलीस?" सोनाबाईने लगेच हटकलं. तिच्या अंगात आता जीव आला होता.

"आजी, खिडकीत विटा नसतात."

"मग ती काय हवेत टांगलीय? चौकट नको? वरचा दगड नको?"

"ते वेगळं लिहिते. चौकट, वरचा लिंटल, आतून-बाहेरून गिलावा."

"आन एक कोनाडा पन लिव. दिव्याला."

"आधी होता का?"

"नव्हता. पन हौस व्हती."

"आजी, हौसेचा विमा नसतो," साहेब म्हणाले, आणि किशोर त्या दिवसात पहिल्यांदा हसला.

मागितलं तेवढं सगळं विम्याने दिलं नाही. भिंतीचं वय धरून काही कमी केलं. सोनाबाईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "भिंतीचंच ना? माजं नाय ना धरलं?" उरलेलं किशोरने घातलं. पाऊस उघडल्यावर पोशा गवंडी कामाला आला. पोशा डोंगराखालच्या वाडीतला, बोलायला कमी. जुनी भिंत उतरवताना त्याने चांगल्या विटा बाजूला काढल्या आणि नव्या भिंतीत, कुणी न सांगता, एक कोनाडा ठेवला. हर्षला काम पाहायला गेली तेव्हा तिने मला खाली लावलं, वर लावलं. अंतर सारखं भरलं. सोनाबाईने माझ्यावर पुन्हा अंगठा दाबून आपली खात्री करून घेतली.

पुढे हर्षलानेही लेझर घेतलं. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. ते चटकन मोजतं, आणि त्याला दुसऱ्या टोकाला माणूस लागत नाही. मी खणात पडून राहिलो. एकदा कुणीतरी मला ओलाच गुंडाळून ठेवलं, तेव्हापासून माझ्या पट्टीला गंज धरला आहे. स्प्रिंगही थकली. आता रिया कधीतरी मला काढते आणि दाराच्या चौकटीला टेकवून आपली उंची मोजते. मला तेवढं पुरतं.

मित्रांनो, माझं एक ऐका. टेप वापरला तर कोरड्या फडक्याने पुसून मग गुंडाळा. आणि घरातली भेग दिसली तर तिच्यावर नुसता चुना फासू नका. माणसांचंही तसंच. घरात कुणी म्हातारं माणूस आपलं दुखणं लिंपून हसत दारात उभं राहत असेल, तर त्याला रागावू नका. त्याला कशाची भीती वाटते ते आधी विचारा. जवळ बसा, एक टोक तुम्ही धरा, एक त्याच्या हातात द्या.

किशोरने आईला खोपोलीला नेलं नाही. तो दर रविवारी वाडीला येत राहिला. हर्षलाही कडावच्या बाजूला काम निघालं की चहाला थांबत असे.

हर्षलाच्या बोलण्यातून कळलं, सोनाबाई दोन हजार पंचवीस सालच्या फेब्रुवारीत, सकाळी, मागच्या खोलीत बाजेवर वारली. घर उघडं होतं, कुलूप कधी लागलंच नाही.