झेलिकाची अट

आमच्या गावात माणसाचं नाव कुणी विचारत नाही, 'कुणाचा?' असं विचारतात. उत्तर तयारच असतं: ओनेझीम, तिल्मोंचा, दोझितेचा. बाप, आजोबा, एका दमात. त्या माळेत आया-आज्यांना जागा नाही. म्हणून तर मी चर्चच्या मागच्या खोलीत बसून लोकांना त्यांचे पूर्वज शोधून देते. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकच्या या किनाऱ्यावर सगळेच एकमेकांचे कुणीतरी लागतात, पण ते ऐकून दर वेळी लोक नव्यानं चकित होतात.

ऑक्टोबरात माझे दाजी ओनेझीम आले. वय बहात्तर. माझी बहीण जाऊन सहा वर्षं झाली होती. बुटांचं पॉलिश बघूनच मी ओळखलं.

"कोण आहे ती, दाजी?"

"झेलिका. पण तिची अट आहे."

अट मला आधीच कळायला हवी होती. पन्नास वर्षांपूर्वी झेलिकाच्या बापानं दाजींना दारातूनच परत पाठवलं होतं: रक्त फार जवळचं आहे, जमणार नाही. मग बापानं ती फेर्दिनांला दिली. तोही आता राहिला नाही. झेलिका म्हणत होती, तेव्हा जे पाप होतं ते म्हातारपणी पुण्य कसं होईल? नातं किती जवळचं ते आधी अल्बेनीकडून, म्हणजे माझ्याकडून, काढून आण.

"एखादी पणजी गाळता नाही का येणार?" दाजींनी हळूच विचारलं.

"पणजी म्हणजे चहा नव्हे, गाळायला."

आठवडाभर मी जुन्या विवाहनोंदी चाळल्या. दाजींची पणजी आणि झेलिकाची पणजी सख्ख्या बहिणी निघाल्या. एवढ्या लांबच्या नात्याला चर्चची परवानगीसुद्धा लागत नव्हती. मग झेलिकाच्या पहिल्या लग्नाची नोंद उघडली आणि हात थांबला. तिची आजी आणि फेर्दिनांची आजी सख्ख्या बहिणी. दोघी पलीकडच्या बेटावरून सुना म्हणून आलेल्या, तरुणपणीच गेलेल्या, म्हणून कुणाच्या लक्षातही नव्हत्या. एवढ्या जवळच्या नात्यासाठी बिशपकडून खास परवानगी काढली होती, आणि ती मागितली होती झेलिकाच्या बापानं.

तो माणूस खोटं बोलला नसता, तर माझी बहीण दाजींच्या घरी आलीच नसती. सांगूच नये, असंही क्षणभर वाटलं. पण दाजींचे ते बूट डोळ्यांपुढून हलेनात.

झेलिका तिच्या स्वयंपाकघरात कोंबडीचा फ्रिको, आमच्याकडचा रस्सा, ढवळत होती. दाजी टेबलाशी शाळेतल्या पोरासारखे बसले होते. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे फेर्दिनां माझा जास्त जवळचा?"

"हो."

"आणि बाबांना ठाऊक होतं?"

"परवानगी त्यांनीच काढली. लग्नाच्या नोंदीखाली तुझीही सही आहे."

"एकोणीस वर्षांची होते मी. बूट चावत होते. वाचतंय कोण?" तिनं गॅस बंद केला. "चला."

"कुठं?" दाजी घाबरले.

"बाबांकडे."

दफनभूमीत समुद्राचा वारा कापत होता. मला वाटलं होतं, ती बापाचा उद्धार करणार. तसा हक्कही होता तिला. पण दगडासमोर उभी राहिल्यावर तिचा आवाज अगदी लहान झाला.

"बाबा, फेर्दिनां चांगला होता. माझी तक्रार नाही. पण खोटं कशाला बोललात? ओनेझीमच्या घरात काम कमी आणि हसणं जास्त, म्हणून नको, असं सरळ सांगायचं. मी ऐकलं असतं." दगडावरचं वाळकं पान झटकत ती म्हणाली, "नसतंही ऐकलं."

मग दाजी पुढं झाले. टोपी काढली, घसा साफ केला आणि दगडाकडे बघत अदबीनं म्हणाले, "काका, मी परत आलोय. तुमच्या झेलिकाला मागणी घालायला."

झेलिकानं त्यांची बाही धरून त्यांना स्वतःकडे वळवलं.

"त्यांना काय विचारतोस, मेल्या? मला विचार."

पन्नास वर्षांपूर्वीसुद्धा दाजींनी तिला विचारलंच नव्हतं, हे त्यांना तेव्हा कुठं कळलं.