दिवसाची गोष्ट

इंदिराने लेकीच्या, माणिकच्या, कपाळावरची ओली घडी उलटली. तापाचा आज आठवा दिवस. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या नव्या गोळ्या आणायला इंदिराचा भाऊ अच्युत नागपूरला गेला होता. दुपारच्या छोट्या रेल्वेगाडीने तो रोहण्याला उतरायचा होता. मागच्या खेपेला गाडीत झोपला, तो थेट शेवटच्या स्टेशनावर, आर्वीला जाऊन उठला होता.

"गोष्ट," माणिक पुटपुटली.

शेजारच्या सीताबाईंनी कानाला हात लावला. "दिवसा गोष्ट सांगतली तं मामा वाट चुकते, पोरी."

"असलं काही नसतं हो," इंदिरा म्हणाली. पण नजर दाराकडे गेलीच. बी.ए. झालेल्या बाईने असं बघू नये, हे तिचं तिलाच कळलं.

पोरीचे ओठ थरथरले. सीताबाई जवळ सरकल्या.

"बरं. पण हूं म्हणजो. एक होता राजपुत्र. भाचीसाठी राक्षसाच्या बागेतलं फळ आणाले गेलता. फळ तोडलं अन् बसला रेलगाडीत."

"हूं."

"राक्षसाच्या राज्यात रेलगाडी?" इंदिराला राहवलं नाही. "घोडा म्हणा. उडता म्हणा हवं तर."

"घोडा कुठीबी जाते, बाई. रुळावरची गाडी कशी वाट चुकन?" सीताबाईंनी पदर सावरला. "तं अरण्यात राक्षस हिरवी झेंडी दाखवून राह्यला होता..."

"हूं."

इंदिराने घडी पाण्यात बुडवली, पिळली, पिळतच राहिली.

"सीताबाई," ती हळूच म्हणाली, "राजपुत्राला झोप फार आहे. विरूळ आलं की उठवा त्याला. पुढचं स्टेशन आपलं."

सीताबाई हसल्या नाहीत. "विरूळले एक चेटकीण चढली. त्याच्या पायावर टोपलं ठेवलं. म्हणे, ऊठ ना बाप्पा, काऊन झोपून राह्यला?"

लांबून शिट्टी आली. माणिकचं हूं आलं नाही. तिचा डोळा लागत होता.

अच्युत दारात उभा राहिला तेव्हा गोळ्यांचं पुडकं त्याच्या छातीशी होतं. "झोपलोच होतो गं. विरूळला बाजारच्या बाया चढल्या, त्या गलक्यानं जाग आली."

इंदिराने पोरीला उठवून गोळी दिली, पाणी पाजलं, पुन्हा निजवलं. सीताबाई उठू लागल्या, तसा त्यांचा हात तिने दोन्ही हातांत धरला.

"बसा. फळ पोचायचं राहिलंय अजून."

"पोरगी तं झोपली. हूं कोन म्हणन?"

इंदिरा त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"हूं," ती म्हणाली.